आईच्या नावाची जागा

"अच्छा, म्हणजे तुमच्या आजीचं नाव सारा!" असं मी हॅनाबाईंना म्हणाले ते मोठ्या खुशीत, कोडं सुटल्याच्या आवाजात. माउंट रॉस्किलच्या लायब्ररीत गुरुवारी सकाळी आमचं टेबल असतं. त्या टेबलावर त्यांनी आपल्या आईचा जुना जर्मन पासपोर्ट उघडून ठेवला होता. फोटोतली मुलगी कॅमेऱ्याकडे न बघता जरा बाजूला बघत होती, वरच्या कोपऱ्यात लाल रंगात मोठा J उठवलेला होता, आणि खाली शाईनं, वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं, ग्रेटे सारा रोझनर. हॅनाबाई सत्त्याहत्तरच्या. आई निर्वासित म्हणून इथे आली, त्या मात्र ऑकलंडमध्येच जन्मल्या. त्यांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं. "छे, आजीचा काय संबंध?" त्या म्हणाल्या. "सारा हे सरकारनं चिकटवलेलं. बाई ज्यू असेल आणि नावावरून ते कळत नसेल, तर नावापुढे सारा लावायचं. पुरुष असेल तर इस्राएल. हिटलरचा तसा कायदाच होता. माझ्या आईला ते इथे बोटीतून उतरेपर्यंत वागवावं लागलं." मग त्यांनी पासपोर्ट मिटला, रुमालात गुंडाळला आणि विचारलं, चहात दूध किती घालू. त्यांच्या लेखी विषय संपला होता. मी म्हटलं, थोडंसंच. माझ्या लेखी तो आत्ताच सुरू झाला होता.

का, ते सांगायला जरा मागे जावं लागेल. नाझींनी पकडून नेलेल्या माणसांची जुनी कार्डं जर्मनीतल्या एका संग्रहानं फोटो काढून इंटरनेटवर ठेवली आहेत. जगभरातले आमच्यासारखे रिकामटेकडे ती कार्डं उघडतात आणि शेजारच्या रकान्यांत टाइप करतात, म्हणजे मग नातवंडा-पतवंडांपैकी कुणी नाव शोधलं तर ते माणूस सापडावं. इथल्या गटाच्या प्रमुख हॅनाबाई. कामाची पद्धत अशी की एकच कार्ड दोन माणसं एकमेकांचं न बघता भरतात. दोघांचं जुळलं की कार्ड पक्कं होऊन त्याला कुलूप लागतं. नाही जुळलं तरच ते हॅनाबाईंकडे जातं. पद्धत नामी आहे. फक्त ती बनवणाऱ्याच्या हे ध्यानात आलं नसावं की एखाद्या गटात दोघंही पुण्याचे निघतील. दुसरे म्हणजे विश्वनाथराव, भोसरीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर, माझ्यासारखेच मुलाकडे येऊन राहिलेले. मी सगळी हयात पुण्यात एका शाळेच्या ऑफिसात दाखले लिहिले. विद्यार्थ्याचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. मधलं नाव म्हणजे बाप, यात शंका घेण्यासारखं काही असतं हे मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. तेव्हा वॉल्टर इस्राएल अमुक असं कार्ड आलं की मी भरायची, वडील: इस्राएल. तिकडे आपल्या घरी बसून विश्वनाथरावही तेच भरायचे. जुळलं, कुलूप. बायकांच्या कार्डांवर सारा यायला लागलं तेव्हा मी थोडी अडखळले. बापाचं नाव सारा कसं असेल? मग आठवलं, आता आपल्याकडेही दाखल्यावर आईचं नाव लिहितात. आई: सारा. विश्वनाथरावांनी स्वतंत्रपणे तोच शोध लावला. इतके सारा आणि इस्राएल कसे, हाही प्रश्न आम्हाला पडला, नाही असं नाही. पण आपल्याकडे एका पिढीत जिकडेतिकडे मधुकर आणि आशालता होतेच की. तसं असेल, म्हणून सोडून दिलं. साइटवर सूचनांचं लांबलचक पान होतं. विश्वनाथराव म्हणाले, सूचना ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी असतात. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, आणि मी त्याच बैलगाडीत बसलेली.

हे एवढ्यावर राहिलं असतं तरी मी निस्तरलं असतं. पण मी बोलले. नोव्हेंबरात खासदारबाई आमचं काम बघायला आल्या. इथे खासदाराला नुसतं जोआन म्हणायचं असतं. पहिल्यांदा म्हणताना माझी जीभ वळत नव्हती, दारात हारतुरे घेऊन उभं राहावं असं वाटत होतं. त्या एकट्याच आल्या, पायात जँडल्स, म्हणजे आपल्या रबरी चपला, हातात स्वतःच बेक केलेला केक, आणि सगळ्यांना माओरीत "किया ओरा" म्हणत खुर्ची ओढून बसल्या. बाईंचं मला कौतुक वाटलं. त्यांनी आणि त्यांच्या विरुद्ध पक्षाच्या एका नगरसेवकानं मिळून आम्हाला चार कॉम्प्युटर मिळवून दिले होते, आणि जानेवारीत ज्यूंच्या हत्याकांडाच्या जागतिक स्मृतिदिनाला हेन्डरसनच्या हॉलमध्ये आमच्या गटानं भरलेली नावं ते दोघं मोठ्यानं वाचणार होते. दोन पक्षांचे दोघं एका कागदावरून वाचणार, हे आपल्याकडे कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल. हॅनाबाई त्या दिवशी मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेल्या होत्या, नाहीतर तिथल्या तिथे निकाल लागला असता. त्या नव्हत्या, म्हणून यजमानीण मी. उचलली जीभ, लावली टाळ्याला. मी जोआनबाईंना सांगितलं, या लोकांमध्ये किती सुंदर चाल होती बघा, मुलगे बापाचं नाव लावायचे आणि मुली आईचं. विश्वनाथराव शेजारी मान डोलवत होते. जोआनबाईंचे डोळे भरून आले. "मुली आईचं नाव लावायच्या! प्रमोदिनी, हे मी हेन्डरसनच्या भाषणात चोरणार बरं का," असं म्हणून त्यांनी ते फोनमध्ये लिहूनही घेतलं.

म्हणजे येत्या रविवारी, भर सभेत, एक खासदार हिटलरच्या कायद्याला सुंदर चाल म्हणणार होती, आणि पहिल्या रांगेत हॅनाबाई बसलेल्या असणार होत्या. आणि याहून वाईट एक गोष्ट होती. ती मला चहाचा पहिला घोट घेताना आठवली आणि मी कप खाली ठेवला. हॅनाबाईंची मावशी लॉटे, पासपोर्टातल्या ग्रेटेची धाकटी बहीण, जर्मनीत ब्रेस्लाऊला मागे राहिली आणि मारली गेली. तिचं कार्ड सापडलं तेव्हा हॅनाबाईंना ते स्वतः भरवेना. "तू भर," त्या मला म्हणाल्या होत्या, "तू नीट भरशील." मी नीट भरलं होतं. नाव: लॉटे. आई: सारा. आडनाव: रोझनर. विश्वनाथरावांचं जुळलं होतं आणि कुलूप लागलं होतं. हॅनाबाईंच्या सख्ख्या आजीच्या जागी मी हिटलरला बसवून आले होते.

लायब्ररीतून घर तसं चालत जाण्यासारखं आहे, पण चढ आहे म्हणून मी बस घेते. त्या दिवशी बस माझ्यासमोर थांबली, ड्रायव्हरनं दार उघडून ठेवलं, आणि मी त्याला हातानंच जा म्हटलं. भर उन्हाळा होता. डेअरीच्या, म्हणजे इथल्या कोपऱ्यावरच्या दुकानाच्या, दारात दोन पोरी पोहण्याच्या ओल्या टॉग्जवर टॉवेल गुंडाळून आइस्क्रीम खात उभ्या होत्या. खरं तर भीती वाटायला हवी होती, आणि ती होतीच. पण तिच्याही पुढे धावत होती माझी जुनी खोड, चौकसपणा. माझ्या डोळ्यांसमोर तो पासपोर्टातल्या अक्षरांचा माणूस उभा राहिला होता. अक्षर चांगलं होतं. सारा त्यानं बाकीच्या नावाइतक्याच काळजीनं काढलं होतं, S ला छान वळण देऊन. कोण असेल तो? ऑफिसात डबा घेऊन येत असेल. नवा कायदा आल्याचं परिपत्रक टेबलावर पडलं असेल, साहेबांनी येता-जाता विचारलं असेल, वाचलंत ना? आणि त्यानं वाचलं असेल. परिपत्रकं मीही वाचलेली आहेत. आईचं नाव घालायचं परिपत्रक आलं तेव्हा मी त्याच आठवड्यापासून घालायला लागले होते आणि कुणालाही का म्हणून विचारलं नव्हतं. ते परिपत्रक चांगलं निघालं हे माझं नशीब. हा विचार मला मुळीच आवडला नाही, आणि मी तो चढाच्या निम्म्यात टाकून देऊ पाहिला, पण तो काही सुटेना. पासपोर्ट लिहिताना त्यानं मान वर करून समोरच्या मुलीकडे पाहिलं असेल का? की खिडकीतून नुसता हात पुढे करून पुढचा, पुढचा म्हणत असेल, जसं आम्ही जूनमध्ये म्हणायचो?

संध्याकाळी जेवताना मी घरात सांगून टाकलं. शार्दूल, माझा मुलगा, म्हणाला, "आई, तू एक ई-मेल टाक आणि मोकळी हो. उगाच टेन्शन घेऊ नकोस. व्हॉलंटियर काम आहे, कोण तुला विचारतंय?" सून सुरुची म्हणाली, "असं कसं? हॅनाला सांगायला नको? तिची मावशी आहे ती." नात वल्लरी बारा वर्षांची, मराठी सगळं कळतं पण उत्तर इंग्रजीत. तिनं फोन काढून तो कायदा शोधला आणि वाचून दाखवायला लागली. "आजी, लिसन. दे हॅड टु गो अँड टेल द ऑफिस देमसेल्व्ज. अँड साइन विथ इट. एव्हरी टाइम. ऑर जेल." म्हणजे सरकार घरी येऊन नाव बदलत नव्हतं. रांगेत उभं राहून तुम्हीच सांगायचं, की साहेब, आजपासून मी सारा, आणि पुढे प्रत्येक सहीत ते स्वतःच्या हातानं लिहायचं. मी भात कालवायची थांबले. "दॅट्स सो मीन," वल्लरी म्हणाली. तिच्या शाळेत एखादीनं डब्याला नावं ठेवली तरी ती हाच शब्द वापरते. पण तिच्याकडे याहून मोठा शब्द नव्हता आणि खरं सांगायचं तर माझ्याकडेही नव्हता.

सही म्हटल्यावर मला माझी सही आठवली. मी माहेरची शकु. लग्नात तबकातल्या तांदळात यांनी अंगठीनं प्रमोदिनी लिहिलं, सगळ्यांनी वाकून वाचलं, पेढे वाटले. नाव मला आवडलं होतं, भारदस्त वाटलं होतं, हे खरं. पण पुढच्या महिन्यात बँकेत गेले तर हात शकुचाच वळला, आणि खिडकीतल्या माणसानं चेक परत सरकवला. सही जुळत नाही बाई. आणखी एकदा करा. मी वहीत पानंच्या पानं प्रमोदिनी गिरवलं, पहिलीतल्या मुलासारखं, तेव्हा कुठे हात शरण आला. हे आठवल्यावर माझा मलाच राग आला. कुठे पेढे आणि कुठे ते! माझं नाव बदललं ते मला घरात घ्यायला, त्यांचं बदललं ते त्यांना घराबाहेर काढायला. नाकापेक्षा मोती जड करू नये माणसानं. दुसऱ्याचं दुःख ऐकलं की लगेच आपली ट्रंक उघडून त्यातलं काहीतरी जुळतं का बघायची ही बायकांची सवय मला कधीच आवडलेली नाही. तरी मनात कुतूहल राहिलंच. ग्रेटेनं तो शब्द पहिल्यांदा लिहिला तेव्हा तिचा हात अडखळला असेल का? बोटीतून उतरल्यावर तो सोडायला तिला किती वेळ लागला? पहिल्या दिवशी इथल्या कुठल्या तरी काउंटरवर चुकून लिहून बसली असेल, मग खोडलं असेल.

शुक्रवारी मी विश्वनाथरावांना गाठलं. ते बागेत टोमॅटोला काठ्या बांधत होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वहिनी, तुमची काहीतरी गफलत होतेय. एवढी सगळी कार्डं, दोघांनी तपासलेली. सिस्टिमनं पास केलेली आहेत." मी म्हटलं, "विश्वनाथराव, सिस्टिम म्हणजे तुम्ही आणि मी." ते काठीला गाठ मारत राहिले. मग आत गेले, कॉम्प्युटर लावला, आणि पहिल्यांदाच ते सूचनांचं पान उघडून वाचलं. मी मागे उभी होते. बऱ्याच खाली लिहिलेलं होतं की सारा आणि इस्राएल ही सक्तीनं लावलेली नावं आहेत, ती शेऱ्याच्या रकान्यात लिहावीत, गाळू नयेत. विश्वनाथरावांचे कान लाल झाले. आम्ही एक कार्ड उघडायचा प्रयत्न केला. कुलूप. दुसरं. कुलूप. ते फक्त गटप्रमुखालाच उघडता येतं, आणि इथंच घोडं पेंड खात होतं. "हॅनाला सांगावं लागेल," विश्वनाथराव म्हणाले. "तुम्ही सांगा. तुमचं तिच्याशी जमतं." पुरुषांचं हे बरं असतं.

मी आधी जोआनबाईंना फोन लावला. त्यांनी व्हिजिटिंग कार्डावर स्वतःचा मोबाइल नंबर दिलेला होता, आणि तो त्यांनी स्वतः उचलला. मागे समुद्राचा आवाज येत होता, कुणीतरी लहान मूल हाका मारत होतं. मी सगळं सांगितलं. त्या हळू म्हणाल्या, "ओ गॉश. थँक गुडनेस तू सांगितलंस. ते वाक्य मी काढते. लगेच काढते. स्वीट ॲज." इथे याचा अर्थ काळजी नको. आणि मग, मी फोन ठेवणार एवढ्यात, "हॅनाला माहीत आहे ना?" मी म्हटलं, सांगते. सांगितलं म्हटलं नाही, सांगते म्हटलं. तेवढाच माझा खरेपणा.

शनिवारी बेसनाचे लाडू घेऊन मी हॅनाबाईंकडे गेले ते सांगायलाच. वाक्यं मनात जुळवून गेले होते. त्यांनी दार उघडलं तर हातात इस्त्री, टेबलावर निळा ब्लाउज पसरलेला. त्या दिवशी त्यांच्यात काहीतरी वेगळंच होतं, परीक्षेचा निकाल चांगला लागणार हे माहीत असलेल्या मुलीसारख्या घरभर फिरत होत्या. पापाकुराहून त्यांची चुलतबहीण मुद्दाम येणार होती. "तुला माहीत आहे?" त्या म्हणाल्या. "लॉटेचं नाव आजपर्यंत कुणी मोठ्यानं वाचलेलं नाही. कुठेच नाही. कबर नाही, दगड नाही. आई तर घरात ते नाव काढूच द्यायची नाही. मी एकदा विचारलं होतं, लहान असताना, तर उठून भांडी घासायला गेली. उद्या पहिल्यांदा. सगळ्यांसमोर. पार्लमेंटातली बाई वाचणार." मी लाडवांचा डबा टेबलावर ठेवला. म्हटलं, तूप जास्त झालंय जरा, जपून खा. आणि परत आले. मी भित्री नाही. यांच्या आजारपणात डॉक्टरांशी भांडलेली बाई आहे. पण त्या इस्त्रीसमोर माझी वाक्यं एकेक करून विझली. मी स्वतःला समजावलं की भाषणातलं वाक्य तर निघालंय, उद्याचा दिवस पार पडू दे, सोमवारी सांगू, कार्डं काय, ती कुठे पळून चालली आहेत.

रविवारी लाँग वीकेंडमुळे अर्धं ऑकलंड समुद्रावर गेलेलं, तरी हेन्डरसनचा हॉल भरला होता. शार्दूलनं आम्हाला गाडीनं सोडलं. सुरुची आणि वल्लरी माझ्या एका बाजूला, विश्वनाथराव सूट घालून दुसऱ्या बाजूला. पहिल्या रांगेत हॅनाबाईंचा निळा ब्लाउज आणि नुकतेच सेट केलेले पांढरे केस मला मागून दिसत होते. जोआनबाई बोलल्या, छान बोलल्या, आणि ते वाक्य बोलल्या नाहीत. मी इतका मोठा श्वास सोडला की सुरुचीनं वळून पाहिलं. मग दिवे मंद झाले, पडदा उजळला, आणि नगरसेवकानं पहिलं नाव वाचलं. "अल्फ्रेड अब्राहम, सन ऑफ इस्राएल."

हत्ती गेला होता आणि शेपूट राहिलं होतं. शेपूट कसलं, हत्तीच राहिला होता. नावं कुणी हातानं लिहून काढलेली नव्हती, ती सरळ कार्डांवरून पडद्यावर येत होती, आम्ही भरलेल्या रकान्यांसकट. जोआनबाईंच्या हातातल्या कागदावरही तेच छापलेलं होतं. त्यांनी वाचायला सुरुवात केली आणि मग त्यांचा आवाज जरासा अडला, त्यांना कळलं हे मला कळलं, पण सभा सुरू होती, पडद्यावर पुढचं नाव आलं होतं, आणि त्या वाचत राहिल्या. "एर्ना बाऊम, डॉटर ऑफ सारा." निळा ब्लाउज हलला नाही. "वहिनी, बसा," विश्वनाथराव कुजबुजले. मी उठले नव्हते, पण पुढच्या खुर्चीची पाठ धरलेली त्यांनी पाहिली असावी. "जाईल पुढे. लोकांना काय समजतंय?" लोकांना समजत नव्हतं हे खरं. लोक माना खाली घालून ऐकत होते, मागे कुणीतरी रडत होतं, आणि रडावं असंच ते वाटत होतं, सन ऑफ, डॉटर ऑफ, एका बापाची इतकी लेकरं, एका आईच्या इतक्या मुली. मला स्वतःलाही हेच वाटलं होतं नोव्हेंबरात. D संपला. F आला. रोझनर R वर आहे, माझं मन हिशेब करत होतं, अजून वेळ आहे, अजून काहीतरी होईल, वीज जाईल. इथे वीज जात नाही. K ची नावं खूप होती. त्या K च्या नावांमध्ये मला एकदम तो चांगल्या अक्षराचा माणूस परत दिसला, आणि या वेळी तो वाचत होता. त्यानं तिकडे जे लिहिलं होतं ते इकडे, समुद्रांच्या पार, ऐंशी वर्षांनी, चांगल्या माणसांच्या तोंडून अजून वाचलं जात होतं, कारण मधे कुठेतरी मी बसले होते आणि मी त्याचं परिपत्रक पुढे पाठवलं होतं. M ला मी उठले.

मधल्या वाटेनं पुढे जाताना माझ्या चपलांचा आवाज मला फार मोठा वाटला. "आजी?" मागून वल्लरी म्हणाली. जोआनबाईंनी मला येताना पाहिलं आणि वाचणं थांबवलं. आता कळतं की त्या कुणाची तरी वाटच बघत होत्या. मी माइकजवळ गेले. हॅनाबाईंकडे बघितलं नाही, बघितलं असतं तर बोलता आलं नसतं. माझ्या शाळेच्या ऑफिसातल्या इंग्रजीत सांगितलं, की ही आईबापांची नावं नाहीत. ही नाझी सरकारनं या माणसांवर मारलेली नावं आहेत. आमच्या देशात मधलं नाव बापाचं असतं, म्हणून मी ती बापाच्या आणि आईच्या जागी भरली. चूक माझी आहे, या माणसांची नाही, वाचणाऱ्यांचीही नाही. कृपा करून पडदा बंद करा. मागच्या रांगेतून विश्वनाथरावांचा आवाज आला, "माइन ऑल्सो." त्यांच्या इंग्रजीचा मला एरवी नेहमी राग येतो, तेव्हा आला नाही. पडदा काळा झाला. नगरसेवक घड्याळाकडे बघून जोआनबाईंच्या कानाशी काहीतरी म्हणाले. जोआनबाईंनी मानेनंच नाही म्हटलं, कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "तूच वाच. पहिल्यापासून." आणि त्या माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. राजकारणी माणूस माइकच्या शेजारी गप्प उभा राहिलेला मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला.

मी पहिल्यापासून वाचलं. अल्फ्रेड अब्राहम. एर्ना बाऊम. नुसती नावं वाचत गेले तसा वेग यायला लागला, शाळेत बाई नसल्या की मी हजेरी घ्यायचे, तसा. D, F, K. कुणी उठून गेलं नाही. आणि मग R आला, आणि मला मान वर करावीच लागली. हॅनाबाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांना कळलं होतं, सगळं, शनिवारच्या लाडवांसकट. त्यांच्या चेहऱ्यावर राग होता. रागाच्या खाली काय होतं ते मला वाचता आलं नाही. मी वाचलं, "लॉटे रोझनर."

आणि मला पुढे जाता येईना. हॅनाबाई खुर्चीच्या पाठीला धरून उठल्या. त्यांची चुलतबहीण त्यांना आधार द्यायला गेली, तो त्यांनी बाजूला सारला. माइक नव्हता, तरी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

"मथिल्डेची मुलगी," त्या म्हणाल्या.

मग बसल्या नाहीत. उभ्याच राहिल्या. मी पुढचं नाव वाचलं, एका रुडॉल्फचं, आणि हॅनाबाई जेवढ्या वेळात बोलल्या होत्या तेवढा वेळ थांबले. त्याच्या आईबापाचं नाव सांगायला हॉलमध्ये कुणी नव्हतं. त्याच्या पुढचं वाचलं, आणि थांबले.